टाकसाळीची चूक की नंतरची इजा?

देवळाच्या फंडपेटीत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुट्ट्या पैशांत विचित्र नाणं हाती आलं, तर आधी एवढंच पाहावं: ही खूण ठसा मारतानाच पडली, की नंतर?

ब्रॉकेज या छपाईच्या चुकीत हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. आधीचं नाणं डायला (छाप उमटवणाऱ्या ठशाला) चिकटून राहतं आणि नवी चकती, म्हणजे छाप नसलेला कोरा तुकडा, त्यावरच दाबली जाते. त्यामुळे एका बाजूला नेहमीची छाप, तर दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि खोलगट उमटते. बनावट तुकडा दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून करतात. त्यातही उलटी अक्षरं दिसतात, पण त्यांच्याखाली मूळ छाप चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते.

कड तुटलेल्या नाण्यात तुटलेला भाग नव्हे, त्याच्या बरोबर समोरची कड पाहा. चकतीच मुळात अपुरी कापली गेली असेल, तर समोरची कड बहुधा फिकी, बसकी उठते. ती ठसठशीत असेल आणि दहापट भिंगाखाली तुटलेल्या जागी कानशीचे ओरखडे दिसले, तर नाणं खुशाल खर्चावं.

दहा रुपयांचं 'मधला भाग उलटा' नाणं तर विकतच घेऊ नये. कडं आणि मधली चकती एकाच दाबाने जुळतात व त्याच वेळी छापली जातात. मग छापलेला मधला भाग टाकसाळीत उलटा होणार कसा? तो नंतर ठोकून काढून बसवलेला असतो. खऱ्या चुकीत चकती सरकलेली असते, पण छाप सांध्यावरून सलग जाते.

चुकीच्या चकतीचा, म्हणजे दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर छाप पडल्याचा, संशय असेल तर 0.01 ग्रॅमचा काटा हवा. 2011 च्या मालिकेतला रुपया 3.79 ग्रॅम, दोन रुपये 4.85 ग्रॅम. पण जुना, 25 मिमीचा स्टीलचा रुपयाही 4.85 ग्रॅमचाच, आणि 2019 च्या मालिकेत वजनं पुन्हा बदलली. म्हणून आधी साल वाचा, मग तोला.

डाय फिरलेली आहे का, हे पाहायला नाणं पानासारखं उलटा. मागची छाप सरळ यायला हवी. पाच-दहा अंशांचा फरक किरकोळ, नव्वदच्या पुढे गेला तर जपून ठेवा.

दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नसणं ही चूक नव्हे. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये दहाच्या नाण्याच्या 14 रचना वैध असल्याचं सांगितलं होतं. खाऱ्या पाण्यात पडून लालसर झालेलं पितळी पाच रुपयेही चुकीच्या धातूचं नसतं. त्यातलं जस्त झिजलेलं असतं.

ठेवायचं ठरलं, तर चिंच-मिठाने घासू नका. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात पावसाळ्यात हिरवा चिकट थर धरतो. पुठ्ठ्याची चौकट बरी.