बीर की नग्गर?

हिमाचलातील निवांत डोंगरी गावात हस्तकला आणि साहस दोन्ही अनुभवायचे असतील, तर बीर आणि नग्गर यांतून निवड करताना आधी ऋतू पाहावा. बीरची ओळख पॅराग्लायडिंगची. सुमारे २४०० मीटर उंचीवरील बिलिंगहून झेप घेऊन खाली गावाजवळ उतरायचे असते, आणि २०१५ साली या खेळाची विश्वचषक स्पर्धाही येथेच झाली. मात्र पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात, उड्डाणांना बंदी असते. कुंभारकामासाठी बीरहून पालमपूरजवळचे अंद्रेट्टा गाठावे लागते.

नग्गरला कला गावातच भेटते: लाकूड व दगडाचे थर रचून काठकुणी पद्धतीने बांधलेला किल्ला, रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचे चित्रदालन आणि खोऱ्यात हातमागावर विणल्या जाणाऱ्या कुल्लू शाली. चंद्रखणी खिंडीची पायवाटही येथून चढते. पायी भटकणाऱ्याने, माझ्या मते, नग्गरच निवडावे.