तीन लाखांतली जुनी वॅगनआर : नऊ महिन्यांनंतर

बजेट तीन लाख, तेही नावावर करण्यापासून टायरपर्यंत सगळं धरून. घरात आईचे दुखरे गुडघे आणि दोन मुलं. कराडातल्या कराडात रोजचं जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासुरवाडी. एवढ्यासाठी गाडी हवी होती. नऊ महिने झाले, ८,६०० किलोमीटर पडले, आता खात्रीने लिहिता येईल.

पहिला प्रश्न पेट्रोल की डिझेल. ओळखीतला प्रत्येक जण डिझेल स्विफ्ट घे म्हणत होता, अ‍ॅव्हरेजसाठी. पण माझं रनिंग महिन्याला हजार किलोमीटरच्या आतच. आठ-दहा वर्षांच्या डिझेल गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर निघाला, की दोन वर्षं वाचवलेले इंधनाचे पैसे एका बिलात जातात. मी वहीत आकडे मांडले आणि डिझेलचा विषय संपवला.

मग टोयोटाची लिवा, ह्युंदाईची आय-टेन आणि मारुतीची वॅगनआर एवढ्या उरल्या. लिवा मला मनापासून आवडायची, पण दोन महिन्यांत आमच्या भागात पाहण्यासारखी एकही मिळाली नाही. आय-टेन चालवायला छान, हलकी. आईला मात्र तिच्यात वाकून, दाराला धरून बसावं लागलं. वॅगनआरची सीट उंच. आईने पाठ वळवली, टेकली आणि पाय आत घेतले. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

पण वॅगनआर घ्यायची हे ठरणं आणि कुठली वॅगनआर घ्यायची हे ठरणं, यात खूप अंतर आहे. जुन्या गाडीत मॉडेलपेक्षा ती एक गाडी कुणी आणि कशी वापरली याला जास्त किंमत आहे, असं मी आता ठामपणे म्हणतो. दुसरीच पाहिलेली गाडी बाहेरून आरशासारखी चकचकीत होती, भाव बाजारापेक्षा चाळीस हजारांनी कमी. आत नवीन सीट कव्हर, भरपूर परफ्यूम. मी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. रोज वापरात येणारा भाग काळाभोर, पण शेवटचा वीतभर पट्टा चहाच्या रंगाचा, बोटाला बारीक गाळ लागला. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर मेहुण्याच्या दुकानातून मी तो गाळ उपसला आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. सीटखालच्या रुळांवर गंज होताच. पुरात बसलेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल याचा नेम नाही. विकणाऱ्याने पुराचा शब्दही काढला नव्हता. तेवढ्या पैशांत कुणाचं तरी कुटुंब त्या गाडीतून घाट चढणार, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

सातवी गाडी घेतली. २०१६ ची, व्हीएक्सआय प्रकारातली, एमएच ५० म्हणजे कराडचंच पासिंग, एकच मालक, ६१,००० किलोमीटर. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, मी येईपर्यंत चालू करू नका. सकाळी बॉनेटवर हात ठेवला तर थंड, म्हणजे आधी चालू करून दोष झाकलेला नव्हता. पहिल्या सेल्फला उठली, धूर नाही. मिस्त्रीने दारांची रबर बीडिंग ओढून आतले कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले, बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पाहिला, कुठे पाना लागल्याची खूण नव्हती, म्हणजे अपघातानंतर भाग बदललेले दिसत नव्हते. टायरवर चार आकडी तारीख असते, आधी आठवडा, मग साल. चारही टायर २०१६ चे निघाले. म्हणजे टायर बदलणं आलं, पण मीटर फिरवलेला नसावा याचाही तो एक आधार. सर्व्हिसच्या नोंदीतले आकडे त्याच्याशी जुळले. टायरवर बोट ठेवूनच भाव २,५२,००० ला तुटला.

नंतर टायर १५,२००, बॅटरी ४,३००, ऑइल, फिल्टर आणि ब्रेक पॅड मिळून ६,९००, विमा ७,८००, नावावर करायला एजंटसकट ४,५००. एकूण २,९०,७००. पूर्ण तीन लाखांची गाडी पाहिली असती तर हे पैसे कुठून आणले असते? मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या पैसे देतानाच घ्या, आणि विमा स्वतःच्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज द्या. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात यायला पाच आठवडे लागले.

आता चालवण्याचं. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, सिग्नलला उभं असताना थरथर जाणवते. पण टायमिंग चेनचं आहे, टायमिंग बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. चिपळूणहून परतताना पाच माणसं, एसी चालू, तर घाटात दुसऱ्या गिअरला पर्याय नाही. इंजिनच्या तापमानाचा काटा मात्र कधी वर गेला नाही. टाकी फुल करून पुन्हा फुल करेपर्यंत मोजलं, गावात १५-१६, चिपळूणच्या फेरीला १८-१९. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि गाडी त्याआधीची, म्हणून त्याने रबराचे पाइप खराब होतील या धास्तीने दर सर्व्हिसला ते बघून घेतो. अजून तरी कुठे पाझर नाही. तिसऱ्या महिन्यात पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड यायला लागली. सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश वयाने संपले होते, ३,८०० गेले. नऊ महिन्यांतलं मोठं काम एवढंच.

एक गोष्ट मात्र टोचते. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. पावसात घाटात समोरून ट्रक वळला आणि मी ब्रेक दाबला, तेव्हा चाकं लॉक होऊन गाडी हातभर घसरली. मुलं मागे होती. ज्यांना आणखी लाखभर उभे करता येतील, त्यांनी जुलै २०१९ नंतरचीच गाडी शोधावी, थोडी जास्त चाललेली असली तरी. मी आता घाटात चाळीसच्या वर जात नाही, आणि मागच्या सीटचेही बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलवत नाही.