डीजे स्टेंट: ऑपरेशन चोख, पुढचं सगळं रामभरोसे

ठाण्यातलं खासगी रुग्णालय, दुर्बिणीतून लेसरने मुतखडा फोडणं, कॅशलेस पॅकेज. ऑपरेशनबद्दल तक्रार नाही, तक्रार डिस्चार्ज कार्डाची आहे. त्यावर गोळ्या होत्या, क्लेम नंबर होता, 'डावीकडे डीजे स्टेंट' हेही होतं. तो काढायची तारीख मात्र नव्हती. 'फॉलोअप ओपीडीत' एवढंच. फोन कुणाचा आला नाही आणि स्टेंट काही महिने आतच राहिला.

डीजे स्टेंट ही नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत असते, साधारण 24 ते 26 सेंमी, दोन्ही टोकांना वेटोळं. सूज उतरेपर्यंत लघवीला वाट राहावी म्हणून ठेवतात आणि बहुधा एक ते चार आठवड्यांत काढतात. जास्त राहिली की बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीवर धरतो तसा क्षारांचा थर तिच्यावर बसतो. ज्यांना मुतखडे होतात त्यांच्यात तर लवकरच. वेळेत काढायची तर बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावून ओपीडीतच काही मिनिटांत निघते. थर बसलेली नळी जोराने ओढली तर तुटते किंवा मूत्रवाहिनीला इजा होते. या रुग्णात वरचं वेटोळं क्षारांनी पक्कं धरलं होतं, म्हणून पुन्हा भूल, पुन्हा लेसर, पुन्हा बिल.

लघवी सारखी लागणं, जळजळ, लालसर रंग, लघवी करताना कमरेत कळ हे स्टेंट असताना चालतं, असं वॉर्डात सांगितलं. बरोबरच आहे. पण रात्रीच्या टॅमसुलोसिनने (मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणारी गोळी) त्रास कमी झाला की आत नळी आहे हेच विसरायला होतं. आणि थंडी वाजून 100.4 फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत यायचं, हे कुणीच सांगितलं नाही. अडलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात जायला वेळ लागत नाही. खरं तर कार्डावर हे ठळक अक्षरांत हवं.

घरी निघण्याआधी स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्या. लॉट नंबर, माप त्यावरच असतं. काढायची तारीख डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्या. काढण्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का तेही विचारा. नसेल तर माणूस पैशापायी पुढे ढकलतो. नळी आत आहे की नाही अशी शंका असेल तर केयूबी (मूत्रपिंड ते मूत्राशय दाखवणाऱ्या) एक्स-रेत दिसते.

कागद मागितले तर 'रेकॉर्ड रूम बंद' हे उत्तर ठरलेलं. लेखी अर्ज देऊन पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे 72 तासांत प्रती द्याव्या लागतात. तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करा. भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे, तिथली मुदत दोन वर्षांची.

ऑपरेशनला चार तारे, नंतरच्या देखभालीला एक. तोही ओपीडीतल्या सिस्टरांसाठी, ज्यांनी एक्स-रे पाहताच रुग्णाला रांगेतून पुढे घेतलं.