सेबूतली बालिंतावाक एस्क्रिमा : वर्षभराच्या शिकवणीनंतर

बालिंतावाक या काठीच्या युद्धकलेच्या शिकवणीचे पैसे वसूल झाले का, ते आधीच सांगते. झाले. पण मी ज्यासाठी गेले होते ते, म्हणजे स्वसंरक्षण, अर्धंच मिळालं, आणि ज्याची अपेक्षाही नव्हती असं बरंच काही मिळालं.

मी कामानिमित्त फिलिपिन्समधल्या सेबू शहरात राहते. आयटी पार्कमध्ये रात्रपाळी असते, सुटायला पहाटेचे तीन वाजतात. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी सोडते आणि पुढे इमारतीपर्यंत एकटीनं चालायचं. पुण्यात असताना ऑफिसनं महिला दिनाला स्वसंरक्षणाची कार्यशाळा ठेवली होती. मनगट असं सोडवा, गुडघा असा मारा, ओरडा, मग समोसा आणि सर्टिफिकेट. त्यातलं ओरडणं तेवढं लक्षात राहिलं. म्हणून इथे आल्यावर ठरवलं की शिकायचं तर इथलंच शिकू.

काठी-सुऱ्याच्या या विद्येला फिलिपिन्समध्ये कुठे अर्निस म्हणतात, कुठे एस्क्रिमा, तर बाहेरच्या जगात काली. 2009 च्या कायद्यानं अर्निस हा देशाचा राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरला, शाळांतही शिकवतात. सेबूत मात्र एस्क्रिमाच. इथे 1932 मध्ये दोसे पारेस हा मोठा क्लब निघाला. त्यातून बाहेर पडून वेनान्सिओ बाकोन यांनी 1952 मध्ये बालिंतावाक नावाच्या रस्त्यावर, एका घड्याळ दुरुस्तीच्या दुकानामागच्या अंगणात आपली शिकवणी सुरू केली, आणि रस्त्याचंच नाव पद्धतीला चिकटलं. दोन काठ्यांची ती देखणी विणकाम केल्यासारखी फिरवाफिरव, जी सगळ्या व्हिडिओंत दिसते, ती इथे जवळपास नाही. काठी एक, आणि अंतर इतकं कमी की समोरच्याला हात लावता येईल. डावा हात रिकामा असतो आणि खरं काम बऱ्याचदा तोच करतो : ढकलणं, दाबणं, समोरच्याची काठी बाजूला सारणं.

माझे शिक्षक साठी ओलांडलेले. सगळे त्यांना ‘नोंग’ (वडीलधाऱ्या माणसाला म्हणायचं तसं, दादा) म्हणतात, मीही तेच म्हणते, आणि ते मला ‘इंदाय’, म्हणजे पोरी. वर्ग म्हणजे त्यांच्या घरापुढची पत्र्याची शेड. बाजूला झुंजीचे कोंबडे एकेका खुंट्याला बांधलेले, आणि शिकवणीभर त्यांचं आरवणं चालू. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज होतो की नोंगचं बोलणं ऐकू येत नाही. फारसं बिघडत नाही, कारण ते बोलतातच कमी.

त्यांचं म्हणणं असं की स्वसंरक्षण डाव दाखवून शिकवता येत नाही. ते समोरून येणाऱ्या फटक्यातून शिकवावं लागतं, आणि फटका देणारा शहाणा लागतो. बालिंतावाकमध्ये याला ‘आगाक’ म्हणतात. गुरू फटके देतो, शिष्य अडवून उलट मारतो, गुरू तोही अडवतो आणि पुढचा देतो, हे न थांबता चालतं. वेग, जोर, अंतर सगळं गुरूच्या हातात. तबलजी नवख्या गायकाला सांभाळून घेतो आणि मग हळूच लय चढवतो, तसं ते चालतं. तुम्हाला झेपतंय त्याच्या एक पायरी वर ते ठेवतात. दोन पायऱ्या वर गेले की तुमचे खांदे कानाला लागतात, श्वास अडकतो, आणि ते त्यांना तुमच्या आधी कळतं. मग ‘हिनाय-हिनाय’, म्हणजे हळूहळू, म्हणत खाली उतरतात.

हे प्रत्यक्षात कसं असतं ते सांगते. बाराच फटके आहेत. तिसरा माझ्या डाव्या कोपराकडे आला, मी अडवला, उलट मारला. त्यांनी तो डाव्या हातानं खाली दाबला. माझी काठी अडकली, आणि माझा डावा हात छातीपाशी झोपलेला. त्यांच्या काठीचं टोक माझ्या कानशिलाला टेकलं. मारलं नाही, नुसतं टेकलं, टक. आणि थांबले नाहीत, पुढचा फटका तोवर आलाही होता. या ‘टक’नं मला जे शिकवलं ते कुठल्याही व्याख्यानानं शिकवलं नसतं. सुरुवातीला तोंडावर काही आलं की माझे डोळे गच्च मिटायचे. ते उघडे राहायला लागायलाच काही महिने गेले. नोंग आधी हत्यार आणि नंतर रिकामा हात शिकवतात, त्याचं कारणही हेच. काठीचा वेग डोळ्याला सरावला की हाताचा ठोसा सावकाश वाटतो. शिवाय रेषा त्याच राहतात. बाटली, सुरा, छत्री, हात, जे येईल ते त्याच बारा वाटांनी येतं. म्हणून डावांना ते वेगवेगळी नावं देत नाहीत, वहीत लिहू देत नाहीत.

इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. बाकोन असेच शिकवायचे, कशालाही क्रम नाही, आणि नवखे गोंधळून जायचे. म्हणून त्यांच्याच शिष्यांनी, होसे वियासिन आणि तेओफिलो वेलेस यांनी, फटके आणि उत्तरं गटागटांत बसवून दिली. आज बऱ्याच ठिकाणी त्या गटांनीच शिकवतात. नोंग ते मानत नाहीत. हल्ला करणारा क्रम पाळत नाही, असं त्यांचं उत्तर. बरोबर आहे, पण शिकणारीला तर क्रम लागतो! माझ्याबरोबर आलेल्यांपैकी निम्मे दोन-तीन महिन्यांत गळाले, त्यात मेहनत घेणारेही होते. मी शेवटी दुसरीकडे शिकलेल्या एका मैत्रिणीकडून ते गट समजून घेतले आणि घरी आरशासमोर घोटले. पुढच्या शिकवणीत नोंगच्या लगेच लक्षात आलं. हसले, काही बोलले नाहीत, आणि मुद्दाम क्रम मोडून फटके दिले. माझी पार भंबेरी उडाली, पण आधीच्यापेक्षा कमी.

सुऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांच्याइतका प्रामाणिक शिक्षक मी पाहिलेला नाही. सुरा हिसकावण्याचे डाव ते फार उशिरा दाखवतात. त्याआधी एक दिवस पांढरा टी-शर्ट घालून बोलावतात, लाकडी सुऱ्याच्या धारेला लाल मार्कर फासतात आणि म्हणतात, घे काढून. मी काढून घेतला होता, खरंच. मग आरशात पाहिलं. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला रेघा, पोटावर एक लांब, मानेजवळ एक. त्या टी-शर्टकडे बोट दाखवून ते म्हणाले, आता बस किती वाजताची आहे सांग. म्हणजे पळून जा. अगदीच कोंडलं तर सुरा धरलेल्या हातावरच मारायचं, आणि वाट दिसली की निघायचं.

बाकोन यांची गोष्टही त्यांनी तेव्हाच सांगितली. त्यांच्या हातून माणूस मेला आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं, पुढे पॅरोलवर सुटले. इथल्या एस्क्रिमावाल्यांत ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. अंधारात हल्ला झाला होता असं सांगतात. नोंग ती पराक्रम म्हणून सांगत नाहीत, वकिलाची फी म्हणून सांगतात. समोरचा मागे हटल्यावर मारलेला एक जादा फटका त्यांना दिसला की त्या दिवशी शिकवणी तिथेच संपते.

उपयोग झाला का? एकदा झाला, म्हणजे काहीच झालं नाही. पहाटे गल्लीत एक झिंगलेला माणूस बाटली घेऊन बडबडत अंगावर आला. मी तिरकी सरकले, पार्क केलेली गाडी मध्ये घेतली, रस्ता ओलांडला आणि चौकातल्या दुकानात शिरले. पूर्वी मी जागच्या जागी थिजले असते. नोंगना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं, बाटली कुठल्या हातात? मला ते सांगता आलं, याचंच मला नवल वाटलं.

काय नाही तेही सांगायला हवं. मागून कवळ घातली तर काय, जमिनीवर पडलो तर काय, तिघे असतील तर काय, यातलं इथे जवळजवळ काही नाही. आवाज चढवून माणसाला लांब ठेवणं, जे बायकांना सगळ्यात जास्त लागतं, तेही नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, जमिनीवरचं ज्युदोवाल्याकडे शिक. प्रामाणिक उत्तर, पण मग याला पूर्ण स्वसंरक्षण म्हणू नये. दुसरं म्हणजे सगळा डोलारा एका माणसावर. पाचजण आले की चौघे थांबून असतात. दोन नवखे एकमेकांशी करायला लागले की त्याचा टिपऱ्यांचा खेळ होतो, ठरलेल्या जागी ठरलेला फटका.

हे सगळ्यात जास्त कळलं दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा. धाकट्या भावाला हौस आली म्हणून गच्चीवर त्याला फटके द्यायला लागले. एक इतका हळू की तो हसला, पुढचा थेट त्याच्या बोटांवर. देणं हे घेण्यापेक्षा किती अवघड आहे! व्हिडिओ पाहून शिकता येईल का असं मला दोघी-तिघींनी विचारलंय. बारा फटके येतील, मनगट सुटेल, घामही निघेल. पण कानशिलाला टेकून थांबणारी काठी व्हिडिओत नसते, आणि नोंगच्या शिकवणीतलं नव्वद टक्के तेच आहे.

बाकी किरकोळ. काठी वेताची, साधारण 28 इंच, स्वस्त मिळते. दोन घ्या, कारण वेत तुटत नाही पण टोकाला पिंजून झाडूसारखा होतो. टोकांना चिकटपट्टी लावली की जास्त टिकतो. जोरात काठीवर काठी बसली की जळकट वास येतो, घाबरू नका. कामागोंग या काळ्या लाकडाची सुंदर काठी विकायला ठेवलेली असते. ती भिंतीवर लावायची, सरावात हाड मोडेल. चष्मा असेल तर खेळाचा, पट्टीवाला घ्या. पहिले काही आठवडे उजवं कोपर दुखतं, मूठ सैल केली की थांबतं. फी प्रत्येक शिकवणीची वेगळी, आणि एका वेळच्या फीत इथे दोघांचं साधं जेवण होतं. सर्टिफिकेट नाही, पट्टे नाहीत. ज्यांना ते हवेत त्यांनी सेबूतच दुसरीकडे जावं, भरपूर जागा आहेत. आणि परत येताना काठ्या चेक-इनच्या बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत.