हॉल ते गॅलरी: माझा पोर्टेबल हेडफोन ॲम्प

'पोर्टेबल' म्हटलं की लोकांना विमान आठवतं, लोकल आठवते, सकाळचं फिरणं आठवतं. माझा प्रवास डोंबिवलीच्या घरात हॉलपासून गॅलरीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत. रात्री साडेदहाला हे झोपतात, भिंती पातळ, शेजारी दहावीचा मुलगा. त्यामुळे मला गाणं ऐकायचं ते कानावर काहीतरी चढवूनच. मध्येच विरजण लावायचं राहिलं म्हणून उठायचं, गॅस बघायचा, परत येऊन बसायचं. ॲम्प म्हणजे हेडफोनचा आवाज वाढवणारं यंत्र, आणि भिंतीतल्या प्लगला बांधलेलं मला चालणार नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कोणाच्या उपयोगाचं आणि कोणाच्या नाही ते कळेल.

सगळं सुरू झालं भाच्यापासून. जर्मनीत शिकायला होता, येताना सेनहायझरचे एचडी ६०० घेऊन आला. जर्मन कंपनीचे हेडफोन जर्मनीतून आले आणि खोक्यावर 'मेड इन आयर्लंड'. जुन्या नक्षीचे आहेत, निळसर करडे ठिपके, हुबेहूब आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटसारखे. ओट्यावर ठेवले तर सापडायचे नाहीत. वजन २६० ग्रॅम, पण वायर तीन मीटर! पहिल्या आठवड्यात ती दोनदा कपाटाच्या मुठीत अडकली आणि एकदा माझ्याच पायात.

मी ऐकते काय, तर बहुतेक शिकवणीच्या कॅसेट. १९८९ ते ९४ मी आमच्या बाईंकडे गाणं शिकले. टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या चाळीसेक कॅसेट आहेत, भाच्याने त्या संगणकात भरून माझ्या फोनवर दिल्या. आवाज बारीक. भाचा म्हणाला, आत्या, सोपं आहे, सॉफ्टवेअरमध्ये वाढवून देतो. पण बाई मांडीवर हाताने ताल धरायच्या आणि टेपरेकॉर्डर मांडीला टेकून ठेवलेला. समेवरची थाप सगळ्यात मोठी, तिने संगणकावरची आवाजाची पट्टी आधीच वरपर्यंत भरलेली, आणि बाईंचा गळा तिच्या कितीतरी खाली. फाइल वाढवायला जावं तर थाप फाटते. म्हणजे वाढवायचं ते पुढे, कानाशी.

तोपर्यंत मी फोनला डोंगल (चार्जिंगच्या भोकात घालून हेडफोन जोडायचा छोटा तुकडा) लावून ऐकत होते, तोही भाच्यानेच तिकडून आणलेला. फोनला जॅक नसतोच हल्ली, आयफोनने २०१६ साली काढला आणि हळूहळू बाकीच्यांनीही. तर आवाज पूर्ण वाढवूनही बाई पलीकडच्या खोलीत गातायत असं वाटायचं. मला वाटलं, माझे कान गेले. कान ठीक होते. गोम डोंगलमध्ये होती. याच डोंगलचा अमेरिकेत विकला जाणारा प्रकार साधारण १ व्होल्ट देतो आणि युरोपातला सुमारे अर्धा व्होल्ट, कारण कानांना इजा होऊ नये म्हणून तिकडे आवाजावर बंधनं आहेत. एचडी ६०० आहेत ३०० ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो ते). १ व्होल्टला ९७ डेसिबल असा त्यांचा हिशेब. अर्धा व्होल्ट म्हणजे सहा डेसिबल कमी, ९१. तुम्ही म्हणाल ९१ काय थोडे झाले? पण ते थापेचे. बाईंचा आलाप त्याच्या तीस डेसिबल खाली कुठेतरी.

पहिली चूक मी घाईत केली. एका ऑनलाइन दुकानातून दीड हजाराचा एक डबा मागवला, नाव सांगत नाही. आवाज वाढला, अगदी खरं. पण बटण थोडंसंच फिरवलं की डावा कान बोलायचा आणि उजवा गप्प. पुढे कळलं की स्वस्तातल्या व्हॉल्यूमच्या बटणांत हे होतं, दोन्ही बाजूंचा रोध सुरुवातीच्या टप्प्यात सारखा वाढत नाही. वर फोन शेजारी ठेवला की आत टिडिक-टिडिक, कोणीतरी तार पाठवत असल्यासारखं. परत पाठवायला गेले तर मुदत काल संपली होती. तो सध्या कपाटात आहे, दसऱ्याला पूजेला निघेल.

मग हे मध्ये पडले. हे रेल्वेत सिग्नलला होते, सोल्डरिंग आयर्न हातात आलं की वय वीस वर्षांनी उतरतं. म्हणाले, "लॅमिंग्टन रोडवरून सामान आणतो, मीच करून देतो." नेटवर चु मॉय नावाच्या गृहस्थांचं जुनं डिझाइन आहे, सीमॉय म्हणतात त्याला. अमेरिकेत हौशी लोक पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत बसवतात. एक ऑप-ॲम्प (आवाज वाढवणारी छोटी चिप), मूठभर रोधक आणि कपॅसिटर, एक ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, बस. आमच्याकडे पेपरमिंटची डबी नव्हती, मुलीची कॅम्लिनची कंपासपेटी होती. झाकणावर अजून तिचं नाव आणि 'सातवी ब' खरवडलेलं आहे. त्यात बसवला. सहाशे रुपयांच्या आत.

आणि तो वाजला! ओहम जास्त असलेल्या हेडफोनला असलं साधं सर्किट मानवतं. तिथे व्होल्ट हवे असतात, करंट फारसा लागत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीतून दोन व्होल्टपर्यंत सहज मिळतात. (तोच कमी ओहमच्या हेडफोनला लावला की दमतो.) जुन्या वॉकमनला थेट लावून मी मूळ कॅसेटच ऐकली, फोन नाही की संगणक नाही. खोट एवढीच की फोनवरून ऐकायचं तर फोन, डोंगल, छोटी वायर, कंपासपेटी, मग तीन मीटरची वायर. एवढी वरात घेऊन गॅलरीत जायचं आणि कुकर लावायला उठलं की सगळं मांडीवरून खाली. चालू करताना कानात 'धप्' व्हायचं ते वेगळंच.

म्हणून अखेर मुंबईला जाऊन एका दुकानात बसून ऐकलं. स्वतःचे हेडफोन आणि स्वतःच्या फाइली नेल्या, आणि तुम्हीही न्या. दुकानातल्या पोराने आधी त्याचं इंग्रजी गिटार लावलं. सुंदर वाजलं. तसलं ध्वनिमुद्रण कशावरही सुंदरच वाजतं.

मी म्हटलं, "अरे, हे राहू दे. माझं लाव."

त्याने बाईंचा मारवा लावला, मागे खरखर, कुठेतरी स्कूटर. तोंड बघण्यासारखं झालं त्याचं. "काकू, हे रेकॉर्डिंगच खराब आहे."

"ते मला पस्तीस वर्षं माहीत आहे. बाई ऐकू येतायत का सांग."

पण पोरगा हुशार होता. त्याने मला एक गोष्ट शिकवली. नुसता ओहमचा आकडा बघून चालत नाही, शेजारचा डेसिबलचा आकडाही बघायचा. हायफायमनचे एचई-६ नावाचे हेडफोन आहेत, ओहम फक्त ५०, पण संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. ओहमचा आकडा छोटा म्हणून कोणी फोनला लावेल तर कुजबुज ऐकू येईल. उलट कानात घालायचे साधे इयरफोन १६ ओहमचे, शंभराच्या वर डेसिबलवाले. त्यांना ॲम्प लावणं म्हणजे वाटीभर आमटीला पातेलंभर फोडणी, आणि ॲम्पचा स्वतःचा 'स्स्स' आवाज तेवढा स्पष्ट ऐकू येतो. अशांसाठी ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचे स्वतःचे ओहम, हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा म्हणतात, म्हणजे १६ ओहमना २ च्या आत. नाहीतर काहींचा सूरच बदलतो, खर्ज फुगतो किंवा वरचं मिटतं. माझ्या ३०० ना ती काळजी नाही.

शेवटी घेतला आयफायचा हिप-डॅक. ब्रिटिश कंपनी, पेट्रोल-निळा चपटा डबा, १२५ ग्रॅम, तांब्याच्या रंगाचं बटण. खिशात बाटली बाळगणाऱ्या लोकांच्या चपट्या बाटलीसारखा आकार आहे म्हणे. यांनी बघितल्या बघितल्या ओळखलं, मी विचारलं नाही कसं. पंधरा-सोळा हजारांच्या घरात पडला. भाच्याच्या वर्गणीशिवाय मी घेतला नसता.

बटणाबद्दल थोडं बोलू द्या. चालू-बंद आणि आवाज एकाच बटणात. फिरवलं की आधी बारीकसा 'टक्', मग थोडी मोकळी जागा, मग आवाज. आमच्या माहेरच्या ट्रान्झिस्टरचं हेच होतं. अप्पा पहाटे अंधारात उठून तो 'टक्' करायचे आणि त्यावरून आम्हाला कळायचं की सहा वाजायला आले. फोनच्या पडद्यावर बोट घासून आवाज वाढवताना एक पायरी कमी, पुढची जास्त असं होतं. इथे अर्ध्या मिलिमीटरने नेमका हवा तो. अंधारात, चष्म्याशिवाय. बाकी काही नसतं तरी एवढ्यासाठी मी दोन हजार जास्त दिले असते.

ताकद म्हणाल तर साध्या जॅकमधून ३.२ व्होल्टपर्यंत. अर्ध्या व्होल्टवरून ३.२ म्हणजे सोळा डेसिबलची वाढ. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात, म्हणजे ही तिपटीच्या आसपास. पॉवरमॅच नावाची एक कळ आहे, ३०० ओहमला ती दाबून ठेवायची, साध्या इयरफोनला सोडायची. शेजारची दुसरी एक्सबास. ती मी एकदाच दाबली. डग्गा लग्नातल्या बँडसारखा वाजला, तानपुरा मंडपाबाहेर गेला. तरुणांना आवडेल.

बॅटरी २२०० एमएएच, आठ तासांच्या पुढे चालते असं कंपनी सांगते. माझं रोजचं तासभर, त्यामुळे रविवारी एकदा चार्जिंग. चार्जिंगचं भोक वेगळं आहे आणि गाण्याचं वेगळं, हे घेताना नीट बघा. गाण्याचं भोक यूएसबी-ए प्रकारचं, तेही उलटं, भोकाच्या आत प्लगच, म्हणजे घरातली कुठलीही वायर तिथे बसत नाही. खोक्यात वायरी येतात, त्यातली यूएसबी-सीची फोनसाठी. आयफोनची जुनी पिन असेल तर कॅमेरा ॲडॉप्टर वेगळा घ्यायचा. नंतरच्या मॉडेलमध्ये यूएसबी-सी दिलंय, आज घेणाऱ्याने तेच बघावं. ब्लूटूथ नाही. आणि वॉकमन जोडायची सोयही नाही, हा फक्त यूएसबीतून येणारं घेतो. मूळ कॅसेट ऐकायची झाली की अजून सातवी ब बाहेर काढावी लागते.

आता खरं सांगायचं तर, मी आणि यांनी एक रविवार घालवून आवाज शक्य तेवढा सारखा करून तुलना केली. साधं, नव्या ध्वनिमुद्रणातलं गाणं, माफक आवाजात. डोंगल, कंपासपेटी आणि सोळा हजारांचा डबा. यांनी मागे उभं राहून बदलायचं, मी ओळखायचं. कंपासपेटी ओळखली, तिला थोडी खरखर आहे. डोंगल आणि हिप-डॅक मात्र दहातून सहा वेळा बरोबर आले. सहा म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. पडदा दूर झाला, स्वर हवेत तरंगले वगैरे मला काही जाणवलं नाही. फरक पडतो तो बारीक आवाजाच्या फाइलींना, जिथे डोंगल संपतो आणि याचं बटण घड्याळातल्या बारावर असतं. तुमच्या हेडफोनवर ३२ ओहम लिहिलंय आणि फोनवर आवाज निम्म्यातच पुरेसा होतो, तर हे पैसे वाचवून चांगल्या मैफिलीचं तिकीट काढा. ॲम्प नको.

आणि बटण फार पुढे जाऊ देऊ नका. आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा. माझ्या फाइलींत आलाप ऐकायला वाढवावं आणि समेची थाप येऊन कानावर बसावी, असं दोनदा झालंय. आता पुढची सम कुठे येते ते मोजत ऐकते. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, तेव्हा मोजलं असतंस तर बरं झालं असतं.

प्रवासाचं विचाराल तर हे हेडफोन मागून उघडे आहेत, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. रत्नागिरीला जाताना एकदा गाडीत लावले. समोरच्या आजोबांनी पनवेल ते रोहा काही म्हटलं नाही, मग वाकून विचारलं, "मारवा का?" म्हटलं हो. "मग सकाळी साडेआठला कशाला?" काढून ठेवले.

भाचा आता म्हणतो, आत्या, याला शेजारी ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड (दोन्ही कानांना वेगळ्या तारांचं) भोक आहे, त्यातून ६.३ व्होल्ट मिळतात, तेवढी वायर बदलून घेऊ. किंमत विचारली. ऐकल्यावर मी त्याला म्हटलं, बाळा, आधी आल्याचा चहा टाक, आणि ही तीन मीटरची वायर गुंडाळून दे, परत मुठीत अडकली आहे.