स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतरची कॅप्सूल: दहा महिन्यांचा अनुभव

औशाला माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाईक एकच विचारतं, "एकरी किती टाकू?" मी डब्यावर वाचून सांगतो. पण स्वतःच्या पोटात जाणाऱ्या औषधाचा डबा मी दोन महिने नीट वाचला नव्हता, म्हणून हे लिहायला घेतलं. कंपनीचं नाव देत नाही. पॅनक्रिएटिनच्या, म्हणजे पाचक रसाच्या, कॅप्सूल बऱ्याच कंपन्या काढतात. मी दोन कंपन्यांच्या वापरल्या, फरक जाणवला नाही.

आधी थोडं ऑपरेशनचं. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर डोळे पिवळे झाले. लघवी कोऱ्या चहासारखी, संडास पांढुरकी, आणि अंगाला अशी खाज की रात्री उठून भिंतीला पाठ घासायचो. आमच्याकडं कावीळ म्हणलं की आधी गावठी औषध. माझेही बारा दिवस त्यात गेले. पोट दुखत नव्हतं, त्यामुळं घरात कुणी घाबरलं नाही. न दुखणारी कावीळ, खाज आणि पांढरी संडास हे तिन्ही एकदम आलं तर पित्ताची नळी कुठंतरी दबलेली असू शकते, हे सोनोग्राफीवाल्याकडून कळलं. सीटी स्कॅनमध्ये नळीच्या तोंडाशी गाठ निघाली.

ऑपरेशनचं नाव व्हिपल. अ‍ॅलन व्हिपल या अमेरिकन सर्जननं १९३५ साली हे ऑपरेशन जगापुढं आणलं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा तुकडा एवढं सगळं काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर असे तीन जोड आतड्याला देतात. माझं साडेसहा तास चाललं. यातला सगळ्यात नाजूक जोड स्वादुपिंडाचा. तो पाझरला तर दवाखान्यातला मुक्काम लांबतो, म्हणून पोटातल्या नळीतलं पाणी रोज तपासत होते. माझा जोड टिकला, पण जठर रुसलं. सहा दिवस गिळलेलं पुढं सरकेना, नाकात नळी. हे बऱ्याच जणांचं होतं आणि आपोआप सुटतं. आधी कुणी सांगितलं असतं तर बायकोनं त्या सहा दिवसांत एवढे नवस बोलले नसते.

पुण्यातल्या दोन सर्जनना पोरानं सरळ विचारलं होतं, "वर्षाला असली किती ऑपरेशनं करता?" मला लाज वाटली. पण ज्या ठिकाणी ही ऑपरेशनं जास्त होतात तिथं रुग्ण दगावण्याचं प्रमाण कमी असतं, ही जगभर मान्य गोष्ट आहे. एकानं आकडा सांगितला, दुसरा हसला. आम्ही आकडा सांगणाऱ्याकडं गेलो.

आता कॅप्सूल. डिस्चार्ज कार्डावर होतं: एक कॅप्सूल, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. मी इमानदारीनं जेवण, हात धुणं, सुपारी आणि मग कॅप्सूल असं चालवलं. पोट फुगायचं. संडास तेलकट, पाण्यावर तरंगणारी, दोन बादल्या ओतल्या तरी भांड्याला चिकटून राहायची. वजन ६८ वरून ५७ वर. तेलानं त्रास होतोय म्हणून घरच्यांनी तेल बंद केलं, शेंगदाण्याची चटणी बंद, धपाटं कोरडं. मी आणखी वाळलो.

तपासणीला गेलो तेव्हा आहारतज्ज्ञ मॅडमनी पहिला प्रश्न केला, "कॅप्सूल कधी घेता?" उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ही पोट साफ व्हायची गोळी नाही. स्वादुपिंड जो पाचक रस सोडतं तोच रस या कॅप्सूलमध्ये आहे, आणि तो अन्नात मिसळायला हवा. अन्न पुढं निघून गेल्यावर मागून पाठवून काय उपयोग? पेरणी झाल्यावर बीजप्रक्रियेचं औषध मागायला येणारं गिऱ्हाईक मला आठवलं, आणि मी गप्प बसलो.

मॅडमनी सांगितलेली पद्धत अशी. पहिल्या घासाबरोबर एक, जेवण निम्म्यावर आलं की दुसरी. न्याहारीला किंवा ग्लासभर दुधाला एक. नुसतं फळ, कोरा चहा असेल तर नको. गार पाण्याबरोबर गिळायची, चावायची नाही, गरम चहाबरोबर तर अजिबात नाही. आणि तेल तोडायचं नाही. तेल पचत नसेल तर डॉक्टरांना विचारून कॅप्सूल वाढवायची. मला २५,००० युनिटच्या दिवसाला सहा लागतात. तुमचा आकडा वेगळा असेल, माझा उचलू नका. जोडीला ॲसिडची गोळी आहे, कारण जठरातलं आम्ल या रसाला मारतं. पंधरा दिवसांत बादली एकावर आली. वजन आता ६३.

वेळ अमावस्येला खरी परीक्षा झाली. शेतात कोपीपुढं पंगत, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, वर तूप, आणि वाढणारा "अजून घ्या" म्हणत थांबेना. मी तीन घेतल्या, सुरुवातीला, मधे आणि खिरीच्या वेळी. रात्र शांत गेली.

डबा वाचा, हे पुन्हा सांगतो. एकदा कॅप्सूल संपल्या तेव्हा एका औषध दुकानदारानं "तेच आहे हो, स्वस्त आहे" म्हणून दुसऱ्या गोळ्या दिल्या. नाव पॅनक्रिएटिनच. पण लायपेजचे, म्हणजे तेल-तूप पचवणाऱ्या रसाचे, युनिट बघितले तर माझ्या एका कॅप्सूलची बरोबरी करायला मूठभर खाव्या लागल्या असत्या. मिलिग्रॅम बघू नका, लायपेजचे युनिट बघा.

आणि ऊन. २५ अंशांखाली ठेवा, असं लिहिलेलं असतं. एप्रिलमध्ये माझ्या दोन पट्ट्या स्कूटरच्या डिकीत दिवसभर राहिल्या. दिसायला जशाच्या तशा. खाल्ल्या, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन बादल्या. उन्हात ठेवलेल्या बियाण्याची उगवण मरते ती डोळ्यांना दिसत नाही, तसंच हे. आता महिन्याचा साठा आतल्या खोलीत, खिशात फक्त दिवसापुरत्या.

सगळ्यात जड गोष्ट राहिली. डब्यावर बारीक अक्षरांत पॉर्सिन असा शब्द होता. पोरानं मोबाइलवर अर्थ बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला. हा रस डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. माझ्या गळ्यात तीस वर्षांची माळ. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बुरशीपासून केलेली एन्झाइम मिळतात, पण ती पित्तात टिकत नाहीत, तुमच्या कामाची नाहीत. दोन दिवस बंद ठेवली. मग फडावरच्या महाराजांना विचारलं, माळ उतरवू का. त्यांनी उलट विचारलं, "भूक लागली म्हणून खाता का?" मी नाही म्हणलं. त्यांनी बुक्का लावला आणि कीर्तनाला उठले. घरी मात्र पट्ट्या देवघराच्या फळीवरून हलल्या. कुणी हलवल्या, मी विचारलं नाही.

कॅप्सूलवर माझा राग नाही. ऑपरेशनच्या आधी सह्यांचा गठ्ठा पुढं केला तेव्हा हे एक वाक्य सांगायला पाहिजे होतं, माळकऱ्याला आणि मुसलमानालाही.

खर्चाचं म्हणाल तर ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, कॅप्सूलचा खर्च माझा. महिन्याचं बिल किराण्याला मागं टाकतं, आणि ही बहुतेक जन्मभर घ्यावी लागणार. सातव्या महिन्यात साखरही वाढली. स्वादुपिंड कापल्यावर तेही होऊ शकतं, तेव्हा साखर तपासत राहा. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या पाव्हण्यांचं स्वादुपिंडाचं शेपूट काढलं, बरोबर प्लीहा गेली. त्यांना आधीच न्यूमोनियासारख्या आजारांच्या लसी टोचल्या होत्या. तुमचं तसलं ऑपरेशन असेल तर लसींचं विचारून घ्या. किमो मला लागली नाही, गाठ लवकर सापडली.

पाचपैकी चार देतो. एक गुण किमतीचा कापला.

गेल्या आषाढीला मी नाकात नळी घालून पडलो होतो. यंदा दिंडीत नाव दिलंय. वीस दिवसांच्या एकशेवीस कॅप्सूल, वर दहा जादा. थर्माकोलचा डबा दुकानातलाच, जिवाणू खताच्या कल्चरच्या बाटल्या आलेला. दिंडीच्या पाण्याच्या टँकरवाल्याला सांगून ठेवलंय, सावलीच्या बाजूला जागा दे.