मांडव्याची रो-रो मोबाईलवर बघताना

भाऊचा धक्का ते मांडवा हे रो-रोने, म्हणजे गाड्या नि माणसं दोन्ही नेणाऱ्या बोटीने, येणं-जाणं आमच्या पाचवीला पुजलेलं. घर अलिबागकडे, काम मुंबईत. म्हणून जहाजं दाखवणारं एक अ‍ॅप घेतलं, फुकटातलंच. पावसाळाही त्यात काढून झाला.

बोटीवरचं एआयएस यंत्र आपली जागा नि वेग स्वतःच रेडिओवरून सांगत असतं. चालती बोट दर दोन ते दहा सेकंदांनी, नांगरलेली तीन मिनिटांनी. किनाऱ्यावरच्या कुणाच्या रिसीव्हरने ते पकडलं तर आपल्याला दिसणार. त्यामुळे नकाशावरच्या बाणाआधी 'शेवटचा संदेश किती मिनिटांपूर्वी' ती ओळ वाचायची. ती ताजी असेल तर जागा चोख असते. बोट मुंबईहून सुटलेली दिसली की आम्ही चोंढीतला चहा संपवून गाडी काढतो. तासाभराचा प्रवास, गणित जमतं. घरी आईही बघते. बोटीचा वेग उतरला की कुकर लावते, 'कुठवर आलास' हा फोन बंद झाला.

बंदरांच्या नोंदी मात्र यथातथाच. अ‍ॅप नकाशावर बंदराभोवती कुंपण आखतं, बोट आत शिरली की आगमन, बाहेर पडली की प्रस्थान. इथे दोन्ही धक्के समोरासमोर, सगळा मामला जेमतेम 18 किलोमीटरचा. माझ्या अ‍ॅपात मुंबई दिसतं, मांडवा मनात आलं तर. 'पुढचं बंदर' हा रकाना तर माणसाने हाताने भरायचा असतो, तिकडे मी बघतच नाही.

माहितीच्या पानावर लांबी-रुंदी, झेंडा, एमएमएसआय म्हणजे बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक (भारताचा 419 ने सुरू होतो) असं सगळं आहे. गाड्या किती मावतात ते नाही. मार्च 2020 मध्ये सुरू झालेल्या, ग्रीसमध्ये बांधलेल्या एम२एम-१ या आमच्या रो-रोवर सुमारे 145 गाड्या नि 500 माणसं मावतात, पण ते बातम्यांतून कळलं.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, सगळी भिस्त रो-रोवर. तेव्हा धक्क्याला लागलेला बाण गाड्या भरतोय की हवेमुळे फेरी रद्द झालीय, हे अ‍ॅप सांगू शकत नाही. त्यासाठी तिकिटावरच्या नंबरला फोन करावा.

पैसे भरून उपग्रहाची सोय मिळते. ती खोल समुद्रातल्या जहाजांसाठी. मांडव्याला जाणाऱ्याने त्या पैशांत वडापाव खावा.